बायको गावाला गेली तर

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरजवळच्या कुंभारीत, आमच्या जुन्या शेजारणीच्या, वदिनाच्या घरी मी फरशीवर पाठ टेकून बसले होते. पंखा गरगरत होता आणि गरम हवाच खाली ढकलत होता. खिडकीला वदिनाच्या सुनेनं जुनी साडी ओली करून लावली होती, ती अर्ध्या तासात खडखडीत वाळत होती. वदिना नेहमीसारखी भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची रास, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. टीव्हीवर तेलुगू सिनेमा लागला होता. दोन मिनिटांत ओळखला मी. ‘पेळ्ळाम ऊरेळिते’. नवरा घरात, घरात नको ती मुलगी, आणि बायको अचानक परत येऊन दाराशी उभी. आत नुसती पळापळ. सून हसत होती, नातू हसून लोळत होता, मलाही हसू येत होतं. वदिना टीव्हीकडे बघतही नव्हती. तिनं पान कातरलं, तंबाखू भरला, विडी वळली, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, आणि तो तोडता तोडता म्हणाली,

“दार उघडाला येवढा टैम का लागतंय ओ ह्यांना?”

सून आणखीच हसली. “अत्तम्मा, तेच तर कॉमेडी हाय की!” वदिना पुढं काही बोलली नाही. तिनं दुसरं पान उचललं. पण माझं हसू जागच्या जागी थांबलं. संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसले तरी ते वाक्य कानात होतं. भिगवण गेलं, दौंड गेलं, तरी होतं. आज इतके महिने झाले, भांडी घासताना, सिग्नलला उभी असताना मध्येच ते ऐकू येतं. ते वाक्य सिनेमाबद्दल नव्हतं, आणि ही गोष्ट त्या खोलीत फक्त तिला आणि मला ठाऊक होती.

आमचं जुनं घर सोलापुरात, साखर पेठेच्या अंगाला. वदिनाचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत. ओळीत आम्ही धरून तीनच मराठी घरं, बाकी सगळी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांची. मागांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली की लाईट गेली आणि माग थांबले की रात्री जाग यायची. वदिना म्हणजे वहिनी. तिचा नवरा म्हणून मग अन्ना, थोरला भाऊ. तेलुगू मला शाळेत कुणी शिकवलं नाही, ते वदिनाच्या ओट्यावर, सुपाशेजारी बसून आलं. ती हात न थांबवता बोलायची आणि मी तिच्या कारखान्याच्या कार्डावरचे आकडे वाचून दाखवायचे. किती हजार दिल्या, किती छाट काढली. छाट म्हणजे मुकादमानं नापास केलेल्या विड्या, ज्यांचे पैसे मिळत नाहीत आणि ज्या परतही मिळत नाहीत. छाटीचा आकडा वाचला की वदिना जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायची. तो आवाज अजूनही तस्साच आहे.

अन्ना आधी सोलापुरातच चादरीच्या कारखान्यात मागावर होता. कारखाना बंद पडला, मग दुसरा, मग तोही, आणि मग ओळीतल्या आणखी चौघांबरोबर तो भिवंडीला गेला. वर्षातून दोनदा यायचा. एकदा नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथासाठी, एकदा दसऱ्याला. आला की दोन दिवस झोपायचा, तिसऱ्या दिवशी मुलाला खांद्यावर घेऊन बाजारात जायचा, पाचव्या दिवशी परत.

‘पेळ्ळाम ऊरेळिते’ आम्ही 2003 साली सोलापुरातच पाहिला, थेटरात. पूर्व भागातल्या बायका रविवारी घोळक्यानं तेलुगू सिनेमाला जायच्या, शेंगा पदरात बांधून. मी तेव्हा नववीत होते. माझं तिकीट वदिनानं काढलं. नायक श्रीकांत पडद्यावर आला तशी शिट्टी, दुसरा नायक वेणू आला तशी शिट्टी, आणि बायको झालेली संघवी संशयानं नवऱ्याकडे बघायला लागली की बायकांच्या बाजूनं हशा. वदिना इतकी हसली की तिला ठसका लागला. पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी, एक हात माझ्या मांडीवर आपटत. घरी येताना अशोक चौकापासून ओळीपर्यंत तिनं सगळा सिनेमा करून दाखवला, नवऱ्याची बोबडी वळते ती सुद्धा. ‘पेळ्ळाम’ म्हणजे बायको, पण जरा रांगडा शब्द, मित्रांत बसून बोलायचा. ‘ऊरु’ म्हणजे गाव. बायको गावाला गेली तर. मराठीत सुद्धा हे अर्धं वाक्य कुणी टाकलं की समोरचे चार पुरुष उरलेलं अर्धं मनात पूर्ण करतात आणि गालात हसतात. आजही फोनवर रोज असले विनोद येतात. बायको माहेरी गेली, चला बसू.

वदिना मात्र गावाला जात नव्हती. तिचं माहेर तेलंगणात, सिरसिल्ल्याकडं. कुणाचं लग्न किंवा कुणाचं मरण असलं तरच. आमच्या ओळीत गावाला जायचे ते पुरुष.

या गोष्टीचा प्रवास मी नंतर पाहत गेले, जवळजवळ छंद लागल्यासारखा. मूळ तमिळ, 2002 सालचा, त्याचं नाव ‘चार्ली चॅप्लिन’. पुढच्याच वर्षी एस. व्ही. कृष्णा रेड्डींनी तो तेलुगूत आणला. 2005 मध्ये हिंदीत ‘नो एंट्री’, तो तर सगळ्यांना पाठ आहे. मग 2010 मध्ये मल्याळम, 2011 मध्ये कन्नड, 2012 मध्ये आपल्याकडं ‘नो एंट्री पुढे धोका आहे’, आणि 2016 मध्ये बंगाली. चौदा वर्षांत सात भाषा. एवढी कुठली गोष्ट फिरते? सावित्रीची फिरली असेल. प्रत्येक भाषेत गाणी बदलली, गाड्या बदलल्या, घराचे सोफे बदलले, पण दार तेच राहिलं. घाबरट पण सज्जन नवरा, त्याच्यावर सतत संशय घेणारी बायको, त्याला नादी लावणारा बिनधास्त मित्र, आणि पैशाच्या गरजेपोटी या सगळ्यात ओढली गेलेली एक मुलगी. खरी गंमत या मांडणीत आहे. जी संशय घेते तिचा नवरा साधा असतो, आणि जो बाहेर सतरा भानगडी करतो त्याची बायको त्याच्या पायाचं तीर्थ घेण्याइतकी विश्वासू असते. म्हणजे संशय घेणारीही चुकली आणि विश्वास ठेवणारीही. बायकोनं काहीही केलं तरी ती फसलेलीच, आणि तेच हसण्याचं कारण.

हे मला नववीत कळलं नव्हतं. मी बायकांच्या बाजूला बसून पुरुषाच्या बाजूनं हसत होते. सगळ्याच हसत होतो. कारण कॅमेरा आत असतो. दार वाजतं तेव्हा आपण आत असतो, नवऱ्याबरोबर. त्याची धडधड आपली धडधड होते, मुलीला पलंगाखाली ढकलायचं की पडद्यामागं, याची आपल्यालाच घाई होते, आणि ती बाहेरची बाई दार वाजवून आपल्याला छळत असते. तेवढ्या वेळात तिच्या बाजूला काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. तिच्या हातात काय आहे, पिशवी की मूल, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतेय का, शेजारचं दार किलकिलं उघडून कुणी बघतंय का. सात भाषांत सात वेळा ते दार वाजलं आणि सातही वेळा आपण आतच होतो.

आणि ती तिसरी मुलगी. हिंदीत तर तिला आजारी नवरा आहे, त्याच्या औषधपाण्यासाठी ती हे करते. म्हणजे ती पण कुणाची तरी बायको, कुणाच्या तरी उशाशी बसणारी. पण सिनेमाला हे सांगायला एक मिनिट पुरतं, आणि पुढं तो आजारी माणूस कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तेलुगू सिनेमानं या विषयाचं जितकं कौतुक केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. शोभन बाबू हा नट दोन बायकांच्या मधे उभा राहून म्हातारा झाला, आणि त्याच्यासाठी जीव टाकणाऱ्या प्रेक्षक बायकाच होत्या. वदिनाची आई त्याचा फोटो देवघराच्या वर लावायची. 1995 साली आलेल्या एका सिनेमाचं नावच ‘आयनकि इद्दरु’, म्हणजे त्यांना दोघी. तेलुगू बाई नवऱ्याला ‘मा आयना’ म्हणते, आपल्याकडच्या ‘आमचे हे’सारखं. त्या आदरार्थी सर्वनामापुढं ‘दोघी’ येतं आणि पोस्टर तयार होतं. पुढच्याच वर्षी व्यंकटेश आणि सौंदर्याचा ‘इंट्लो इल्लालु वंटिंट्लो प्रियुरालु’ आला. घरात बायको, स्वयंपाकघरात प्रेयसी. हिंदीत त्याच गोष्टीचं ‘घरवाली बाहरवाली’ झालं. मला ही दोन नावं शेजारी ठेवून बघायला आवडतं. हिंदीनं दुसरीला घराबाहेर काढलं. आपल्या ‘बाहेरख्याली’ शब्दातही ती बाहेरच आहे. तेलुगू नावात मात्र ती थेट चुलीपाशी येऊन बसलीय. ‘इल्लु’ म्हणजे घर, आणि ‘इल्लालु’ म्हणजे घराची बाई, बायकोच्या नावातच घर. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘आमचं कुटुंब’ म्हणायची, तसंच. पण आमच्या ओळीत आणखी एक शब्द होता, जो मोठ्यानं कुणी बोलत नसे. चिन्निल्लु. धाकटं घर.

अन्नाचं भिवंडीत चिन्निल्लु आहे, हे मी पहिल्यांदा नळावर ऐकलं. दोन बायका बोलत होत्या, मला तेलुगू कळतं हे त्या विसरल्या होत्या.

कृष्णा रेड्डींचाच आणखी एक सिनेमा आहे, 1994 चा ‘शुभलग्नम’. केबलवर इतक्या वेळा लागायचा की आमच्या घरातही पाहिला जायचा, माझी आई शब्द न कळता रडायची. पुढं 1997 मध्ये त्याचा ‘जुदाई’ झाला. अनिल कपूर, श्रीदेवी, ऊर्मिला. मूळ तेलुगूत जगपती बाबू, आमनी, रोजा. पगारदार नवरा, दोन मुलं, आणि श्रीमंतीची स्वप्नं बघणारी बायको. ती एक कोटी रुपयांना नवरा दुसरीला देऊन टाकते. आधीचा भाग विनोदी आहे, पोट दुखेपर्यंत हसवतो. पण पैसे हातात पडल्यावर सिनेमाचा सूरच बदलतो. घर मोठं होतं आणि ती एकटी पडते. मग एस. पी. बालसुब्रह्मण्यमच्या आवाजात ते गाणं येतं, सिरिवेन्नेल सीताराम शास्त्रींनी लिहिलेलं, त्यात तिला पोपटीण म्हणून हाक मारून विचारलंय की बाई, सोबत कुणी नाही, तू निघालीस कुठं. गाणं फार सुंदर आहे. वदिना विड्या वळताना गुणगुणायची. पण मी ‘शुभलग्नम’ आणि ‘पेळ्ळाम ऊरेळिते’ एकाच आठवड्यात पुन्हा पाहिले, मुद्दाम, कुंभारीहून आल्यावर, आणि मला राग आला. एकाच दिग्दर्शकाचे सिनेमे, मध्ये नऊ वर्षं. बायकोला मोह पडला, पैशाचा, तेही साडी आणि फ्रिजच्या रूपातला, तर तिला एकटेपणाची शिक्षा आणि वर एक करुण गाणं. नवऱ्याला मोह पडला तर दोन तास धावपळ, शेवटी कान धरून माफी, आणि प्रेक्षक हसत बाहेर. मला वाटतं कृष्णा रेड्डींनी हे ठरवून केलं नसावं. त्यांच्या सिनेमांत माणसांविषयी माया असते, आमनीच्या चेहऱ्यावर त्यांनी जो वेळ दिलाय तो फार थोडे दिग्दर्शक देतात. पण ठरवून केलं नाही म्हणूनच ते जास्त खोल गेलेलं असतं.

थेटरात ‘पेळ्ळाम ऊरेळिते’ पाहिला त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वदिना आमच्या दारात आली. आईला म्हणाली, पोरीला दोन दिवस माझ्यासंगट द्या, भिवंडीला जायचंय, मला बोर्ड वाचाला येत नाही. कशाला जायचंय, हे आईनं विचारलं नाही. माझी वेणी घालताना तिनं एवढंच सांगितलं, “तिच्या सोबत राहा. मध्ये बोलू नकोस.” वदिनाचा मुलगा आमच्याकडं राहिला. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराजवळ वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघी बसलो. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत अन्नासाठी नवी लुंगी, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. रात्रभर तिची बोटं पिशवीच्या बंदाशी विडीचा दोरा गुंडाळावा तशी हलत होती. कल्याणला उजाडलं. तिथून भिवंडी. पुढं पद्मानगरात शिरलो तसे दुकानांवर तेलुगू बोर्ड दिसायला लागले, आणि तेलुगू अक्षरं वदिनाला लागत होती. माझी गरज तिथं संपली. ती झपाझप पुढं आणि मी मागं. बाजूंनी मागांची खटखट, आमच्या ओळीसारखीच, फक्त कितीतरी पट जास्त, आणि हवेत कापसाची भुकटी.

जिना लोखंडी होता. वरच्या मजल्यावर ओळीनं खोल्या, तिसरी खोली. पत्र्याचं हिरवं दार. दाराबाहेर अन्नाच्या चपला होत्या, त्या मी ओळखल्या. त्यांच्या शेजारी निळ्या स्लिपर, बाईच्या, एका पायाचा तुटलेला बंद सेफ्टी पिनेनं जोडलेला. वदिनानं त्या पाहिल्या. पाहिल्या, आणि मग दार वाजवलं. एकदाच. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. काहीतरी स्टीलचं पडलं, कुणीतरी ते चटकन धरलं. मग शांतता. मागांचा आवाज चालूच होता, पण त्या दाराआड शांतता होती आणि ती आम्हाला ऐकू येत होती. वदिनानं पदर नीट केला. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. शेजारच्या खोलीतलं एक पोर बाहेर आलं, आमच्याकडं बघून परत आत गेलं. मला दुसऱ्यांदा दार वाजवावंसं वाटलं, मी हात उचलला तर तिनं माझं मनगट धरलं. वाजवू दिलं नाही. उभी राहिली. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन मिनिटं असतील, कदाचित तेवढीही नसतील.

दार त्या बाईनं उघडलं. वदिनापेक्षा थोडी मोठीच असावी, काळीसावळी, हाडकुळी. केसांत कापूस अडकलेला, म्हणजे नुकतीच कामावरून आलेली. मागं अन्ना भिंतीला लागून उभा होता, मान खाली. बाई म्हणाली, “अक्का, रा.” ये म्हणाली. स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, आधी वदिनाला, मग मला. वदिना चटईवर बसली, पाणी प्यायली, पूर्ण पेला. मग तिनं त्या बाईला विचारलं,

“इथं कांड्या भराला काय देतात?”

बाईनं आकडा सांगितला. वदिनानं मान डोलावली. सोलापूरपेक्षा बरं आहे म्हणाली. मग पिशवीतून लुंगी, चटणी, भाकरी एकेक काढून चटईवर ठेवली, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि उठली. अन्ना जिन्यापर्यंत आला. तो काही बोलला असेल, मागांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. परतीच्या गाडीत वदिनानं काही खाल्लं नाही, मला वडापाव घेऊन दिला. सोलापूरला उतरल्यावर ओळीच्या तोंडाशी थांबली आणि माझा गाल थापटला. या गोष्टीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. पुढच्याच रविवारी बायकांबरोबर पुन्हा सिनेमाला गेली. बावीस वर्षं. आणि मग मेमधल्या त्या दुपारी, दोरा तोडता तोडता, ते वाक्य.

कितीतरी वर्षं मी समजत होते की थेटरात वदिना इतकी हसली कारण तिला तेव्हा माहीत नव्हतं. आता तारखा जुळवते तेव्हा कळतं, नळावर मी जे ऐकलं ते त्या सिनेमाच्या आधीच. मला कळलं होतं म्हणजे तिला कधीच कळलं असणार. माहीत असून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, माझ्या मांडीवर हात आपटत. त्या हसण्याचं काय करायचं, हे मला नीट उमगत नाही. त्या अंधाऱ्या थेटरात तिला एक तर मोकळं हसायला मिळत होतं, आणि दुसरं म्हणजे निदान तिथं बायको शेवटी आत जाते, सगळं बाहेर पडतं, नवरा पाया पडतो. ते बघायला तिनं तिकीट काढलं असेल. कदाचित मी उगाच अर्थ लावतेय आणि वेणूचं काम तिला नुसतंच आवडत असेल. दोन्ही खरं असू शकतं.

मी फक्त बाहेर उभी राहिलेली नाही, हेही इथं लिहायला हवं. काही वर्षांपूर्वी माझ्या आयुष्यात एक काळ येऊन गेला. ऑफिसातला एक माणूस, चहा, लांबलेली बोलणी, घरी जायची घाई न वाटणं. सांगण्यासारखं काही घडलं नाही, पण न सांगण्यासारखं मनात बरंच होतं. एका संध्याकाळी आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये बसलो असताना नवऱ्याचा फोन आला. मी तो लगेच उचलला नाही. टेबलावर फोन थरथरत होता आणि मी आवाज नीट करत होते, चेहरा नीट करत होते, जणू तो मला बघणार होता. मग उचलला. तो म्हणाला, दूध आणायचंय का. चार महिन्यांनी सगळं आपोआप विरलं, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. रात्र होती, तो पाठमोरा होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला वाटलंच होतं. तू फोन उचलायला वेळ लावायला लागली होतीस.” भिवंडीच्या त्या दाराआड दोन मिनिटं काय चाललं असेल, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. आतल्या माणसांनाही तो वेळ मोठाच असतो. पण आतल्यांच्या हातात कडी असते.

कुंभारीतलं घर वदिनाला मिळालं ते महिला विडी कामगारांच्या घरकुल योजनेत, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत, दहा हजार घरांची. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. वदिनानं तिच्या वाट्याची रक्कम विड्यांच्या पैशातून भरली, दर हजारामागून बाजूला काढून. आता घर तिच्या नावावर आहे. लाईट बिलावर तिचं नाव येतं, ते ती नातवाकडून दर महिन्याला वाचून घेते, आकडा ऐकायच्या आधी नाव. अन्ना तेरा वर्षांपूर्वी भिवंडीहून कायमचा परत आला, छातीत धाप घेऊन. त्या बाईचं काय झालं, कुणी बोलत नाही. मी विचारलं नाही. अन्ना सकाळ-संध्याकाळ चौकात जाऊन बसतो, चहा पितो, ऊन चढलं की परत येतो. वदिना त्याला वेळेवर जेवायला वाढते, औषध देते, त्याच्याशी तेलुगूत चार शब्द बोलते. प्रेम आहे का त्यांच्यात, असं कुणी मला विचारलं तर मी गप्प बसेन.

त्या दुपारी मी निघायच्या आधी आणखी एक झालं. सिनेमा चालूच होता. उन्हामुळं दार आतून लावलेलं. आणि दार वाजलं. एकदाच. सगळ्यांना माहीत होतं कोण आहे ते. नातू उठायला लागला तर वदिनानं हातानंच त्याला खाली बसवलं. तिच्या बोटांत अर्धवट वळलेली विडी होती. ती तिनं पूर्ण वळली. तोंड दुमडलं. दोरा गुंडाळला. तोडला. मग सुपातल्या विड्या गोळा करून मोजल्या, त्यांचा कट्टा बांधला, कडा सारख्या करायला तो दोनदा फरशीवर आपटला. सूप बाजूला ठेवलं. मांडीवरचा तंबाखू झटकला. गुडघ्यावर हात टेकून उठली. बाहेरून दुसऱ्यांदा आवाज आला नाही.

तिनं कडी काढली. अन्ना आत आला, घामानं भिजलेला, चपला काढून टीव्हीसमोर उभा राहिला, काय लागलंय ते बघत. वदिना परत भिंतीपाशी येऊन बसली, सूप मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडं न बघता तेलुगूत म्हणाली, बाजूला सरका, पोरगं बघतंय.